वरच्या मजल्याची चौकशी

वकील चांगला की वाईट हे ओळखायचं असेल तर त्याच्याकडे जाऊ नये, त्याच्या ऑफिसखालच्या पानटपरीवर जावं, असं अण्णांचं मत होतं. प्लंबर पारखायचा तर त्याने दुरुस्त केलेला नळ पाहू नये, त्याच्या स्वतःच्या घरातला नळ गळतो का ते पाहावं. आणि एजंट? एजंटाचं बोलणं ऐकूच नये. त्याचा बाप त्याच्याशी कसा बोलतो ते ऐकावं.

"बाप जर पोराला घाबरून बोलत आसंल ना गड्या, तर त्या पोराकडनं काय घेऊ ने. घर ऱ्हाऊदे, केळी बी घेऊ नेत."

हे सगळं ते मला साताऱ्यात, आमच्या ऑफिसमागच्या चहाच्या गाड्यापाशी उभं राहून सांगत. अण्णा पलटणीत स्टोअरला होते. तिथून रिटायर होऊन आमच्याकडे रेकॉर्ड सांभाळायला आले. फौजेने त्यांना दोन गोष्टी दिल्या होत्या, पेन्शन आणि संशय, आणि त्यातली दुसरी गोष्ट ते जास्त जपून वापरत. स्टोअरमध्ये एकदा अख्खी पेटी डाव्या पायाच्या बुटांची आली होती, असं ते शपथेवर सांगत. तेव्हापासून बुटाच्या दुकानातसुद्धा ते आधी दोन्ही बूट शेजारी ठेवून बघत आणि मगच भाव विचारत. दुकानदार चिडले की त्यांना बरं वाटे. चिडणारा माणूस निदान खोटं हसत तरी नाही, असा त्यांचा हिशेब.

सांगलीत एक फ्लॅट घ्यायचा आणि तो भाड्याने द्यायचा, एवढंच त्यांना करायचं होतं. म्हणजे करायचं होतं वहिनींना. अण्णांना फक्त त्यासाठी भरवशाची माणसं शोधायची होती. एजंट, कागद बघणारा वकील, ओल आणि भेगा बघणारा इंजिनियर, आणि पुढे नळ-बत्ती सांभाळणारा एखादा कारागीर. हे चौघे सापडले की घर काय, आठवड्यात घेऊ, असं ते म्हणायचे. मी ऑफिसात लागलो तेव्हाही ते हेच म्हणत होते आणि माझी मुलगी शाळेत जायला लागली तेव्हाही.

वहिनींचं म्हणणं सरळ होतं. नवऱ्यामागे कुठल्या कुठल्या छावण्यांमधून संसार हलवत त्या फिरल्या होत्या आणि आता साताऱ्यात दोन खोल्यांत भाड्याने राहत होत्या. मूलबाळ नव्हतं. अण्णांची थोडीफार शेती कोरेगावकडे होती, पण ती भावकीच्या ताब्यात, आणि त्या भावकीशी अण्णांचं बोलणं बंद. मी घरी गेलो की वहिनी चहा टाकता टाकता म्हणायच्या, "आयुष्यभर भाडं दिलं भाऊजी. आता एकदा घेऊन बघायचंय." हे त्या हसत म्हणायच्या. पण एकदा अण्णा दुकानात गेलेले असताना त्या हसल्या नाहीत. "ह्यांच्या माघारी मला कोण हाय? पेन्शन निम्मी व्हणार, भावकी शेताच्या बांधावर सुदीक हुबी करणार न्हाई. माझ्या नावावर चार भिंती आसल्या आन म्हैन्याला त्यातनं काय आलं, तर मला कुणाच्या तोंडाकडं बघाया नको."

सांगली का, तर तिथे त्यांची धाकटी बहीण राहत होती, आणि शिकायला आलेली पोरं, दवाखान्यात नोकरी करणारी माणसं तिथे कायम घर शोधत असतात. फक्त एक अट होती. घर वरच्या मजल्यावर पाहिजे. बहिणीच्या घरात कृष्णेचं पाणी आलं तेव्हा वहिनी आठवडाभर चिखल काढायला गेल्या होत्या. खालचं घर कुणी फुकट दिलं तरी त्या घेणार नव्हत्या.

एवढी साधी मागणी. पण ती अण्णांच्या हातात पडली.

एजंट पहिल्यांदा भेटला की अण्णा सगळं घर शांतपणे बघून घेत आणि शेवटी म्हणत, "मला काय हे घर बरं वाटत न्हाई." एजंट म्हणाला, "बरोबर आहे काका, दुसरं दाखवतो," तर तो लबाड, कारण स्वतःच्या मालावर त्याचा विश्वास नाही. आणि तो म्हणाला, "अहो, असं घर परत मिळायचं नाही," तर तो हावरट. तिसरं उत्तर कुणाला सुचत नसे. मी एकदा विचारलं, "अण्णा, त्यानं म्हणायचं तरी काय?" अण्णा म्हणाले, "ते चांगल्या माणसाला बरोबर सुचतं."

इंजिनियर शोधायचा तर त्याचं काम पावसात बघायचं, आणि पाऊसही मग साधासुधा नको. म्हणून जुलै महिन्यात, छत्र्या उलट्या होत असताना, ते एसटीने महाबळेश्वरला गेले आणि एका इंजिनियरने बांधलेल्या हॉटेलात चहा मागवत दिवसभर भिंती चाचपत बसले. हॉटेल गळत नव्हतं. मग त्या इंजिनियरचं स्वतःचं घर बघितलं, तर ते गळत होतं. "सोताच्या घराला जो न्याय देत न्हाई, त्यो आपल्याला काय देणार?" झालं, तो गेला. दुसऱ्या इंजिनियरचं घर अगदी कोरडं निघालं. "गिऱ्हाइकाचं सिमेंट वापरलं आसणार." तोही गेला. वहिनी म्हणायच्या, "ह्यांच्या चाळणीला भोकंच न्हाईत भाऊजी. वरनं किती बी वता, खाली काय पडत न्हाई."

मोबाइलवर घरांचे फोटो येऊ लागल्यावर मला वाटलं, आता तरी काम हलेल. अण्णा चष्मा कपाळावर सारून फोटो बघत आणि फोन मला परत देत. "फोटूत वास येत न्हाई. ओल नाकाला कळती, डोळ्याला न्हाई."

माझी गोष्ट उलटी. मी साताऱ्यात एक लहानसा फ्लॅट गुंतवणूक म्हणून घेतला, तो पहिल्या भेटलेल्या एजंटाकडून, आणि त्यानेच आणलेल्या पहिल्या माणसाला भाड्याने दिला. माणूस भला निघाला, फक्त त्याने गच्चीवर कबुतरं पाळली. सोसायटीवाले माझ्या नावाने शंख करायला लागले. अण्णांना हे कळलं तेव्हा त्यांचा तो दिवस फार सुखाचा गेला. "चौकशी केली आस्तीस तर कबुतरं आदीच कळली आस्ती," असं ते सगळ्या टेबलांवर जाऊन सांगून आले.

चौकशी हा त्यांचा खास शब्द. आमच्याकडे पोरीचं स्थळ बघताना जशी चौकशी करतात, अगदी तशी ते एजंटाची करत. त्याच्या गावी जायचं, पारावर बसायचं, चहाच्या टपरीवर, न्हाव्याकडे, पिठाच्या गिरणीत सहज म्हणून विषय काढायचा. "अमक्याचा पोरगा कसा हाय हो?" एवढंच विचारायचं. आणि त्यांचा पहिला नियम असा की कशासाठी विचारतोय ते कुणाला सांगायचं नाही. "सांगितलं की माणूस आवरून बोलतो, गड्या. न सांगता इचारलं की पोटातलं भायेर येतं." हा नियम ते इतका कडक पाळत की आपण कुठल्या गावचे, हेसुद्धा आढेवेढे घेऊन सांगत.

मग तो पोरगा भेटला. आष्ट्याजवळच्या एका गावचा, तिशीच्या आतबाहेरचा, सांगलीत एका गाळ्यात दोन खुर्च्या टाकून घरांचे व्यवहार बघणारा. वहिनींच्या बहिणीने त्याचं नाव सांगितलं होतं. अण्णा, वहिनी, त्यांची बहीण आणि मी असे चौघे गेलो, तेव्हा त्याने एक फ्लॅट दाखवला. दुसरा मजला, पूर्वेला गॅलरी, खाली औषधाचं दुकान. अण्णांनी ठरल्याप्रमाणे सगळं बघून घेतलं आणि म्हणाले, "मला काय हे घर बरं वाटत न्हाई."

पोरगा वहिनींकडे वळला. "काकू, तुमाला कसं वाटतंय?"

इतक्या वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं ते उत्तर हेच असावं. कारण अण्णांनी त्याला लबाडही म्हटलं नाही आणि हावरटही, आणि वहिनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर हात ठेवून म्हणाल्या, "मला आवडलं." त्या दिवशी त्या घरभर फिरल्या. भाडेकरूने खिळे ठोकले तर चालतील पण टाइल्सवर नको, गॅलरीत आपण तुळस लावली तर तिला पाणी घालायचं बजावून सांगायचं, असं काहीबाही त्या बहिणीशी बोलत होत्या. परत येताना एसटीत त्या खिडकीपाशी बसल्या आणि साताऱ्यापर्यंत बोलत आल्या. वहिनी एवढं बोलतात हे मला तेव्हा कळलं.

राहिली होती फक्त चौकशी.

आम्ही दोघं माझ्या मोटारसायकलवर त्या पोराच्या गावी गेलो. अण्णांनी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, डोक्यावर टोपी, बूट चकचकीत. टपरीवाल्याला त्यांनी नेहमीप्रमाणे सहज विचारलं. टपरीवाल्याने फडकं खांद्यावर टाकलं, आम्हाला बाक पुसून दिला आणि म्हणाला, "पोरगं म्हंजे सोनं हाय बगा. सुपारीचं खांड सुदीक खात न्हाई. आईला दवाखान्यात सोता घिऊन जातंय." चहाचे पैसे त्याने घेतले नाहीत. पारावरच्या दोन म्हाताऱ्यांनीही तेच सांगितलं. कुणाच्या तरी घरातून आमच्यासाठी पोहे आले. गाव अगत्याचं आहे, असं मी मनात म्हटलं. अण्णांचं मात्र तोंड लांब झालं. "गाव एका तोंडानं कवा बोलतं का? पढवून ठेवल्यालं दिसतंय."

तेवढ्यात पोराचा चुलता आपण होऊन आला आणि अण्णांना बाजूला घेऊन गेला. उसाच्या कडेला उभं राहून दोघं बोलत होते, मी गाडीपाशी थांबलो होतो. अण्णा परत आले ते थेट गाडीवर बसले. कऱ्हाडजवळ त्यांनी मला गाडी कडेला घ्यायला लावली.

"चुलता म्हन्ला, पोरगं बरं हाय, पण... आन गप बसला. मी म्हन्लं, पण काय? तर म्हन्ला, माझंच रगत हाय, मी कसं सांगू? सांजचा कुटं आस्तो, पैका कुटं जातो, तेवढं इचारू नगा." अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "संपलं. ह्याच्याकडनं घ्यायचं न्हाई."

"आवं अण्णा, पण सगळं गाव चांगलं म्हणतंय की."

"गाव परकं. घरचा माणूस घरच्याइरुद्ध खोटं कशाला बोलंल?"

मी म्हणालो, "तुमच्या चुलत्याला तुमच्याबद्दल विचारलं तर तो काय सांगेल?"

"माझा चुलता येगळा," अण्णा म्हणाले, आणि मला गाडी चालू करायला सांगितली. ज्या माणसाने भावकीपायी गाव सोडलं, त्याने दुसऱ्याच्या भावकीवर डोळे झाकून विश्वास ठेवला.

वहिनींना त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं. वहिनी भाकरी थापत होत्या. त्यांनी भांडण केलं नाही. "बरं," म्हणाल्या आणि तव्यावरची भाकरी उलटली. तो फ्लॅट त्याच महिन्यात दुसऱ्या कुणीतरी घेतला. अण्णा नव्या एजंटांच्या मागे लागले, पण वहिनी काही घर बघायला परत सांगलीला गेल्या नाहीत. तुम्ही पसंत करा, मी सही करीन, म्हणायच्या.

पुढच्या थंडीत त्या गेल्या. सकाळी छातीत कळ आली, रिक्षा येईपर्यंत पायरीवर बसल्या होत्या, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं झालं होतं. नवऱ्यामागे आपलं कसं होईल म्हणून इतकी वर्षं तजवीज करू बघणारी बाई नवऱ्याच्या आधी गेली. अण्णा ऑफिसात आले तेव्हा पहिल्या दिवशी मला एवढंच म्हणाले, "तिच्या नावावर काय बी न्हाई, गड्या. वीजबिल सुदीक घरमालकाच्या नावावर."

दिवस झाल्यावर तो आष्ट्याकडचा पोरगा भेटायला आला. मी तिथेच होतो. त्याने मोसंबी आणली होती, ती कोपऱ्यात ठेवली आणि सतरंजीवर बसला. त्याला कसं कळलं म्हणून अण्णांनी विचारलं.

"काकूंच्या भैनीकडनं. आन काकू मला फोन करायच्या की अधनंमधनं. तसलंच वरच्या मजल्याचं घर निघालं तर सांग म्हणायच्या. ह्यांना आत्ता सांगू नगंस, मीच येळ बघून सांगीन, म्हणायच्या."

अण्णा सतरंजीचा काठ चिमटीत धरून बसले होते. मग ते म्हणाले, "तुझ्या चुलत्यानं मला तुझ्याबद्दल सांगितलं हुतं."

"ठावं हाय," पोरगा म्हणाला. "त्याला वाटलं, तुमी तुमची पोरगी द्यायला आलाय. समद्या गावालाच तसं वाटलं. म्हणून गावानं वाढवून सांगितलं. आन चुलत्याचा आन आमचा बांधाचा तंटा हाय, म्हणून त्यानं मोडता घातला. आमच्याकडं स्थळ आसंच मोडत्यात." त्याने जरा थांबून, जसं काही दुसऱ्याचंच सांगतोय तसं, पुढचं सांगितलं. "तवा माझी एका घरात बोलणी चालली हुती. त्यांच्या कानावर गेलं, साताऱ्याचं पाव्हणं बघून गेलं आन परत फिरकलं न्हाईत. मग ती बी मागं सरली. जाऊंदे, काका. तुमी काय मुद्दाम केलं न्हाई."

आजकाल आमच्याकडे शेतकऱ्याच्या पोराला मुलगी मिळणं किती अवघड आहे हे सगळ्यांना माहीत आहे. तो पोरगा शिव्या देऊन गेला असता तर बरं झालं असतं. जाताना तो दारात थांबून म्हणाला, "आत्ता एक चांगलं घर हाय काका, वरच्या मजल्याचं. तुमचा इचार आसंल तर."

अण्णा म्हणाले, "आता कुणाच्या नावावर घिऊ?"

त्यानंतरचे अण्णा मला बघवत नसत. त्यांनी चौकशी बंद केली असं वाटेल, पण नाही. ते मला घेऊन पुन्हा त्या गावी गेले. त्याच टपरीवर उभे राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणी न विचारता सांगितलं, "मला पोरगी न्हाई. मला पोरच न्हाई. मी घर घ्यायला आलो हुतो, आन ह्या पोराकडनंच घ्यायला पायजे हुतं." लोक हसले. टपरीवाला हसला नाही, त्याने परत बाक पुसून दिला. चुलता घरात असून बाहेर आला नाही. अण्णा दुपार टळेपर्यंत पारावर बसून जो येईल त्याला हेच सांगत राहिले. मला लाज वाटत होती आणि वाईटही वाटत होतं. एवढं एक वाक्य पहिल्या खेपेला बोलले असते तर वहिनींना त्यांचं घर मिळालं असतं.

पुढच्या वर्षी उन्हाळ्यात कोरेगावकडचे एक गृहस्थ अण्णांचं घर शोधत आले. त्यांच्या मुलीला त्या पोराचं स्थळ आलं होतं, आणि साताऱ्यात तुला ओळखणारं कोण आहे असं विचारल्यावर पोराने अण्णांचं नाव सांगितलं होतं. ओळख सांगायला त्याला दुसरं कुणी मिळालं नसतं असं नाही. ते लग्न पुढे झालं, आता त्यांना एक मुलगी आहे. पण मला आठवतं ते त्या दुपारचं बोलणं. त्या गृहस्थांनी रीतीप्रमाणे आधी उसाचं, पाण्याचं विचारलं. चहा झाला. मग सहज म्हणून विचारल्यासारखं म्हणाले, "पोरगा कसा हाय?"

"चांगला हाय," अण्णा म्हणाले. पुढे 'पण' आला नाही.

"तुमचा त्येचा संबंध कसा आला म्हणायचा?"

"मी त्याला एकदा नाकारलाय."

"पोरीसाठी?"

"न्हाई. बायकूसाठी."

पाहुण्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी समजावून सांगायला लागणार, तर अण्णांनी मला हातानेच थांबवलं आणि स्वतः सगळं सांगितलं. ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेले ते, चुलत्याचं ऐकलं ते, वहिनी भाकरी थापताना बरं म्हणाल्या ते, आणि त्या चोरून त्या पोराला फोन करायच्या तेही. कुठे अडखळले नाहीत. फक्त वहिनींना ते घर आवडलं होतं हे त्यांनी दोनदा सांगितलं. या माणसाला इतकं सरळ बोलता येतं हे मला माहीतच नव्हतं. वहिनींनी हे ऐकायला पाहिजे होतं असं मला फार वाटलं.

 उठताना, काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून पाहुण्यांनी विचारलं, "मग ते घर आता?"

"हाय दुसऱ्याकडं. त्यानं भाड्यानं दिलंय." अण्णा त्यांना सोडायला दारापर्यंत आले. "भाडेकरू चांगला हाय. नवराबायकू आन एक पोरगं. भाडं येळेवर देत्यात, भिंतीला खिळा सुदीक मारला न्हाई. मी चौकशी केलीया."